नाइट सिटीत कोड शोधायला निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी तुमच्याकडची गेम कोणत्या आवृत्तीची आहे ते बघून घ्या. नाइट सिटी या काल्पनिक शहरात घडणारी आणि बंद दारांच्या कोडांनी, छुप्या जागांनी भरलेली सायबरपंक 2077 आली 10 डिसेंबर 2020 ला, पण आज संगणकावर किंवा नव्या कन्सोलवर जी चालते ती सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटनंतरची. त्या अपडेटने पर्क्सची (पात्राच्या खास कौशल्यांची) सगळी रचना बदलली आणि आर्मर मुख्यतः कपड्यांवरून सायबरवेअरवर (शरीरात बसवायच्या यंत्रांवर) गेलं. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर मात्र 2.0 आलंच नाही. त्यामुळे 2021 मधला एखादा व्हिडिओ "हा पर्क घ्या आणि वर चढा" असं सांगत असेल, तर त्यातली जागा बहुधा अजून तिथेच असते, पण तिथे पोचायची रीत आणि आत मिळणारा माल वेगळा असू शकतो. कुठलीही माहिती हाती आली की आधी तिची तारीख बघा, मग आकडे उतरवून घ्या. डॉगटाउन या भिंतीने वेढलेल्या भागातल्या जागांसाठी फँटम लिबर्टी हे विस्तारपर्व विकत घेतलेलं हवं, आणि मुख्य कथेतलं 'ट्रान्समिशन' मिशन झालेलं हवं. तोवर त्या भिंतीभोवती चकरा मारण्यात वेळ घालवू नका.

दुसरी तयारी सेव्हची, आणि इथे हलगर्जीपणा करू नका. या गेममध्ये कोड माहीत नसल्यामुळे जेवढं हुकतं त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ टळून गेल्यामुळे हुकतं. ऑटोसेव्ह फिरत राहतात, नवा आला की जुना जातो. त्यांच्यावर विसंबून राहू नका. हाताने केलेले निदान चार सेव्ह कायमचे बाजूला ठेवा: एक 'द हाइस्ट' हे मिशन सुरू करण्याआधीचा, एक त्याच मिशनमध्ये कोन्पेकी प्लाझा हॉटेलच्या पेंटहाउसमध्ये शिरल्यावरचा, एक एम्बर्स या रेस्टॉरंटमध्ये हानाकोला भेटायला जाण्याआधीचा (ही भेट कथेच्या शेवटाकडे नेते), आणि चौथा भटकंतीचा, जो दर नव्या भागात शिरताना वरचेवर बदलायचा. संगणकावर एफ5 ने झटपट सेव्ह होतो. पण लढाई चालू असताना सेव्ह करता येत नाही, बऱ्याच संवादांच्या मध्येही येत नाही. म्हणून दार दिसलं की आधी सेव्ह, मग हात लावायचा.

पेंटहाउसचं उदाहरण जरा जवळून बघा, कारण तिथे एकाच जागी तीन गोष्टी आहेत आणि परत यायला वाट नाही. पलंगाशेजारी तिथे राहणाऱ्या योरिनोबूचं पिस्तूल आहे, त्याचं नाव कोंगो. इग्वानाच्या काचघरात एक अंडं आहे. ते उचललं तर बऱ्याच दिवसांनी तुमच्या घरात त्यातून पिल्लू बाहेर येतं. तिसरी वस्तू सातोरी ही तलवार. ती वरच्या लँडिंग पॅडवर उभ्या असलेल्या एव्हीत (उडत्या वाहनात) आहे, आणि तिथे कथेतला मोठा प्रसंग घडून गेल्यावर, पण इमारतीबाहेर निसटण्याआधी जायचं असतं. प्रसंग कोणता ते इथे फोडत नाही. तो झाल्यावर सोबतचे लोक घाई करतात, जोडीदार जॅकी हाका मारतो, आणि बहुतेक खेळाडू त्या घाईत सरळ बाहेर पडतात. थांबा, जिन्याने वर जा, तलवार घ्या, मग निघा. एकदा बाहेर पडलात की कोन्पेकी प्लाझा तुमच्यासाठी बंद होतो. याच मिशननंतर शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डेपोत हे काम देणाऱ्या डेक्सचं प्रेत सापडतं आणि त्याच्याजवळ प्लॅन बी नावाचं पिस्तूल असतं. ते गोळ्यांऐवजी तुमचे एडीज (गेममधले पैसे) खर्च करतं, म्हणून ते वापरायला काढण्याआधी खिशाकडे बघा.

आता अंगातली तयारी. बंद दारासमोर उभं राहिलात की बॉडी किंवा टेक्निकल अॅबिलिटी या अॅट्रिब्यूट्सपैकी (पात्राच्या मूळ गुणांपैकी) काय हवं आणि किती हवं ते आकड्यात दिसतं. बॉडीने दार ताकद लावून उघडतं, टेक्निकलने कुलूप निघतं. सगळी अॅट्रिब्यूट्स 20 पर्यंत नेणं एका खेळात जमत नाही, तेव्हा या दोनपैकी एक निवडा आणि तेच वाढवत न्या. दोन्ही अर्धवट ठेवलीत तर शेवटच्या भागात दोन्हीकडून अडाल. 2.0 पासून अॅट्रिब्यूट्सचं वाटप नव्याने करता येतं, पण एकदाच. एका दारासाठी ती संधी उधळू नका. त्यापेक्षा रिपरडॉककडून (सायबरवेअर बसवणाऱ्या डॉक्टरकडून) रीइन्फोर्स्ड टेंडन्स बसवून घ्या. या पायांनी हवेत दुसरी उडी मारता येते, आणि कुलूप लावलेल्या जागेला छपरावरून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वाट असते, ती याच उडीने गाठता येते. छुप्या जागा शोधणाऱ्याला या एका सायबरवेअरइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

डोळे कसे वापरायचे हेही आधी ठरवून घ्या. खोलीत शिरल्यावर स्कॅनर धरून ठेवा आणि नजर सावकाश, भिंतीला धरून फिरवा. धावता धावता स्कॅन केलं तर वस्तू उजळतात, पण त्यांच्यातला संबंध लक्षात येत नाही. पिंग हा क्विकहॅक (दुरून करायचा झटपट हॅक) संबंध दाखवतो: एका कॅमेऱ्यावर टाकला की त्याच जाळ्यातली बाकी उपकरणं भिंतीपलीकडूनही दिसायला लागतात. जिथे खोली असायला नको तिथे उपकरण दिसलं, तर भिंतीत दार आहे असं समजा. तारांचा माग काढण्याची सवय लावून घ्या. पेरालेझ दांपत्याच्या 'ड्रीम ऑन' या कामात हेच करावं लागतं. घरातल्याच भिंतीमागे लपवलेली खोली सापडते, आणि तिथून पुढचा धागा तारांवरूनच लागतो. आणि हेही पक्कं लक्षात ठेवा, की नाइट सिटीतली असंख्य दारं निव्वळ चित्रासारखी आहेत. जवळ गेल्यावर बटणाची सूचना येत नसेल, किंवा नुसतंच 'लॉक्ड' दिसत असेल आणि ना पॅनेल, ना अॅट्रिब्यूटचा आकडा, तर ते दार सोडून द्या.

मग कोड कुठे असतो? बहुतेक वेळा दाराच्याच आसपास, त्या दाराचा रोज वापर करणाऱ्या माणसाच्या वस्तूंमध्ये. पहारेकऱ्याच्या अंगावरचा शार्ड (मजकूर साठवलेली चिप), टेबलावरचा संगणक, त्यातल्या मेलमध्ये सहकाऱ्याला केलेली आठवण, या क्रमाने शोधा. शार्ड उचलला की तो जर्नलमध्ये जमा होतो, पण उचलणं आणि वाचणं वेगळं. लढाईच्या धांदलीत घेतलेले शार्ड तसेच पडून राहतात आणि दारासमोर उभं राहून माणूस कोड नाही म्हणून हळहळतो. जागा सोडण्याआधी न वाचलेले शार्ड उघडून संपवा. काही शार्ड कुलूपबंद असतात, ते ब्रीच प्रोटोकॉल या हॅकिंगच्या कोड्याने फोडावे लागतात.

शेजारी कागद ठेवा आणि आकड्यासोबत जागा आणि मिशन लिहा. नुसता 9691 लिहून ठेवला तर आठवड्याने त्याचा अर्थ लागणार नाही. तो आहे 'द पिकअप' मिशनमधल्या ऑल फूड्सच्या कारखान्यातला: मेलस्ट्रॉम टोळीचा जुना म्होरक्या ब्रिक तिथे सुरुंग लावलेल्या खोलीत कोंडलेला असतो, आणि हा कोड टाकला की सापळा निकामी होऊन त्याची सुटका होते. सोडवलात तर पुढे 'सेकंड कॉन्फ्लिक्ट'मध्ये टोटेनटान्झ क्लबला गेल्यावर त्याचा उपयोग होतो. तिथेच ठेवून आलात तर तो रस्ता राहत नाही. म्हणजे आकडा तोच, पण त्याची किंमत एकाच मिशनपुरती. याच्या उलट 605185. काबुकी भागातल्या एका दारावरचा हा सहा आकडी कोड गेम बनवणाऱ्यांच्या खोलीत नेतो, जिथे पडद्यावर ती मंडळी दिसतात. तिथे कथेचं काही अडत नाही, सवड मिळेल तेव्हा जा. लिहिताना सुरुवातीचं शून्य गाळू नका. चार आकडी पॅनेलवर तीनच आकडे हातात असले की बहुधा शून्यच गळालेलं असतं.

ब्रीच प्रोटोकॉलचा सराव आधीच करून ठेवा, कारण कुलूपबंद शार्ड त्यानेच उघडतात. चौकटीत 55, 1सी, बीडी, ई9, 7ए असे जोड असतात. पहिली निवड सगळ्यात वरच्या ओळीतून, दुसरी त्याच उभ्या रांगेतून, तिसरी पुन्हा आडव्या ओळीतून, अशी आलटून पालटून. घड्याळ पहिली निवड केल्यावरच धावायला लागतं, आणि नवखे नेमके इथे चुकतात: आधी बटण दाबतात, मग विचार करतात. त्याआधी हवा तेवढा वेळ चौकट बघत बसा. समजा एका डीमनला (आत घुसवायच्या प्रोग्रामला) 1सी, बीडी हवेत, दुसऱ्याला बीडी, 55, आणि बफर (निवडलेले जोड ठेवायची जागा) चार घरांचा आहे. दोन्ही वेगवेगळे केले तर चार घरं लागतात, पण बीडी दोघांत सामाईक आहे, म्हणून 1सी, बीडी, 55 अशा तीन घरांत दोन्ही बसतात. वरच्या ओळीत 1सी नसेल तर उरलेलं घर सुरुवातीला खर्च करा. ज्याच्या खालच्या रांगेत 1सी आहे असा कुठलाही जोड उचला, समजा ई9, आणि तिथून खाली उतरा. 1सीच्या ओळीत बीडी आहे का आणि बीडीच्या रांगेत 55 आहे का, हे उलट्या बाजूने तपासत या. शेवटाकडून सुरुवातीकडे आलं की वाट लवकर सापडते. एकदा वापरलेलं घर परत निवडता येत नाही.

याच जातीच्या जुन्या गेम्स खेळणार असाल तर तयारी थोडी बदलते. ड्यूस एक्स (2000) मध्ये वाचलेला कोड नोट्समध्ये आपोआप उतरतो, आणि कीपॅडवर न वाचलेला कोडही चालतो. तिथे कोडमुळे मल्टिटूल (कीपॅड निकामी करायची, वापरली की संपणारी साधनं) वाचतात. इलेक्ट्रॉनिक्सचं कौशल्य अगदी तळाशी असताना एक मल्टिटूल फक्त 10 टक्के काम करतो, पुढच्या पायऱ्यांवर 25, 40 आणि शेवटी 75 टक्के. म्हणजे 40 टक्के ताकदीच्या पॅनेलला सुरुवातीला चार मल्टिटूल जातात, तिसऱ्या पायरीवर एकच. ड्यूस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन (2011) मध्ये कोड पॉकेट सेक्रेटरीत (खिशातल्या इलेक्ट्रॉनिक टिपणवहीत) सापडतात, पण तिथे कोड हातात असूनही हॅक करण्याचा मोह रास्त आहे, कारण हॅकिंगचा अनुभव मिळतो. पहारेकरी जवळ असतील तर मात्र कोडच टाका. हॅक करताना पकडलं गेलं तर अलार्म वाजतो.

सिस्टम शॉक (1994) मधला पहिलाच कोड 451, दुसऱ्या भागात (1999) तो 45100 झाला, ड्यूस एक्समध्ये 0451. हा लुकिंग ग्लास स्टुडिओच्या कार्यालयाच्या दाराचा कोड होता आणि तिथून तो या गेम्समध्ये आला. या घराण्यातली नवी गेम सुरू केलीत की पहिल्या कीपॅडवर 0451 टाकून बघायला काहीच जात नाही. पण मूळ सिस्टम शॉकच्या रिअॅक्टरचा कोड कुणाकडून मागू नका. त्याचे सहा आकडे पहिल्या ते सहाव्या मजल्यावर एकेक करून, कॉम्प्युटर नोड फोडल्यावर पडद्यावर दिसतात, आणि दर नव्या खेळात ते बदलतात. दुसऱ्याचे आकडे तुमच्या रिअॅक्टरला चालणार नाहीत. नोड फोडला की जागेवरच मजल्याचा क्रमांक आणि आकडा दोन्ही लिहा, कारण कोड मजल्यांच्या क्रमानेच टाकायचा असतो आणि एक राहिला तर त्या मजल्यावर परतावं लागतं.

शेवटी, नाइट सिटीतला सगळ्यात खोल दडवलेला रस्ता. त्याचा कोड आकड्यांचा नाही, वाक्यांचा आहे, आणि त्याची तयारी 'चिपिन इन' या कामात तेलाच्या मैदानात, तुमच्या डोक्यात वावरणाऱ्या जॉनी सिल्व्हरहँडच्या कबरीपाशी होते. तिथल्या संवादात क्रम असा ठेवा: थडग्यावर काय कोरायचं हे बोलताना "ज्याने माझा जीव वाचवला तो" हा पर्याय, मग तेही तू बिघडवलंस या अर्थाचा, मग "माझ्याकडून काय हवंय तुला", मग ही तुझी शेवटची संधी असं बजावणारा. त्यानंतर रोग (Rogue) या जॉनीच्या जुन्या साथीदारणीला फोन करण्याला होकार द्या. संवादाआधी वेगळा सेव्ह हवाच, कारण चूक तिथल्या तिथे कळत नाही. पुढे अखेरच्या मिशनमध्ये छपरावर निवड करायची वेळ येते तेव्हा कुठलाच पर्याय निवडू नका. सुमारे पाच मिनिटं नुसते थांबा. पर्यायांवरून कर्सर फिरवलात तर चालतं, बटण दाबू नका. तयारी नीट झाली असेल तर जॉनी स्वतःहून बोलायला लागतो. त्या रस्त्याने जाण्याआधी आरोग्य भरणारी औषधं आणि शस्त्रं पुन्हा एकदा मोजून घ्या, कारण तिथे मेलात तर मागचा सेव्ह उघडू का असं गेम विचारत नाही, सरळ श्रेयनामावली सुरू होते.