घरात चोर शिरला तर काय करायचं, हे आजच ठरवून ठेवा

रात्री अडीचला किचनमधून खुडबुड ऐकू आली की डोकं चालत नाही, कुणाचंच नाही. म्हणून जे काय ठरवायचं ते आजच, जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना समोर बसवून ठरवून टाका. आणि पहिली गोष्ट सगळ्यांकडून वदवून घ्यायची ती ही की चोराला पकडणं आपलं काम नाही. सकाळी घरातलं प्रत्येक माणूस धडधाकट पाहिजे, बास. सोनं गेलं तर जाऊदे, खरंच जाऊदे.

सगळ्यात सोपा प्रसंग आधी सांगते, कारण नेमकी तिथेच लोकं घाई करतात. गावावरून आलात आणि दाराचा कोयंडा उचकटलेला दिसला तर आत जायचं नाही. "जरा बघून येतो काय काय गेलंय" असं म्हणून आत जाऊ नका, तो अजून आत असू शकतो आणि तुम्ही दारात उभे म्हणजे त्याची बाहेर पडायची वाट बंद. तसंच मागे फिरा, शेजारच्या घरात किंवा खाली वॉचमनकडे जा आणि ११२ लावा.

आता तुम्ही घरात आहात आणि तोही घरात आहे. इथे एकच बघायचं, त्याच्या आणि तुमच्या माणसांच्या मध्ये काय आहे? मध्ये दार असेल तर उठून बघायला जायचं नाही, आतून कडी लावायची, दाराला कपाट नाहीतर पलंग सरकवायचा, आणि मग लाइट लावून जोरात ओरडायचं, "कोण आहे रे, पोलिसांना फोन लावलाय." बहुतेकांना कुणी बघायच्या आत निघून जायचं असतं, त्यामुळे कडीच्या आतून केलेला आवाज कामाचा. समोरासमोर उभं राहून तोच आवाज केला तर मात्र प्रकरण अंगावर येतं. त्यासाठी आज एक काम करा, बेडरूमच्या दाराची आतली कडी नीट बसते का ते बघा, बऱ्याच घरात ती वर्षानुवर्ष लावलेलीच नसते आणि रंगाने जाम झालेली असते.

पण मुलं दुसऱ्या खोलीत आणि आजी-आजोबा हॉलमध्ये झोपत असतील तर हे गणित बदलतं. अशा घरात कोण कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, एकाने मुलांकडे जायचं, दुसऱ्याने फोन. आजी-आजोबांना हॉलमधून हलवता येत असेल तर हलवा, नाहीतर त्यांना एवढंच सांगून ठेवा की चोर दिसला तर अडवायचं नाही, मागेल ते द्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला सैफ अली खानच्या घरात मध्यरात्रीनंतर माणूस शिरला तो मुलाच्या खोलीपर्यंत पोचला होता, झटापटीत सैफला सहा ठिकाणी जखमा झाल्या आणि रिक्षातून हॉस्पिटलात जावं लागलं. लेकरू तिकडे असेल तर आईबाप जाणारच, त्यांना कुणी थांबवू शकत नाही, पण जायचंच असेल तर मुलाला उचलून बाहेर काढण्यासाठी जा, चोराला धरून ठेवण्यासाठी नको.

वन रूम किचनमध्ये मध्ये दारच नसतं. तो हातभर अंतरावर असेल आणि तुम्ही जागे आहात हे त्याला कळलं नसेल तर पडून राहा. कळलं असेल तर हात दिसतील असे ठेवा, हळू बोला, कपाटाची चावी कुठे आहे ते सांगा. मंगळसूत्र काढ म्हणाला तर काढून द्या ताई, प्लीज, त्यावरून हिसकाहिसकी करू नका. चेहऱ्याकडे टक लावून बघायचं नाही पण किती जण होते, भाषा कुठली, पायात काय होतं, कुठल्या दिशेला गेले एवढं लक्षात ठेवा.

फोनचं म्हणाल तर ११२ वर आधी पत्ता, मग बाकीचं. गाव, गल्ली, जवळची खूण, मजला. मधेच फोन कट झाला तरी गाडी कुठे पाठवायची ते त्यांना कळलेलं असतं. चार्जर उशाशी ठेवा, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावून झोपायची सवय मोडा. दुसरा फोन शेजाऱ्यांना, पण एकालाच नको, कारण घरफोडी करणारे कधीकधी आजूबाजूच्या दारांना बाहेरून कड्या घालून ठेवतात. समोरच्या बिल्डिंगमधला किंवा पलीकडच्या गल्लीतला एक नंबर पाहिजेच.

आता मारामारीचं, कारण "घरात घुसला तर हाणायचा, कायदा आपल्या बाजूने आहे" असं सगळेच म्हणतात. अर्धं खरंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत, आणि कलम ४१ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतल्या घरफोडीचा वेगळा उल्लेख आहे, तिथे हा हक्क बराच लांबपर्यंत जातो. पण बचावाला लागेल तेवढंच बळ, हे कलम ३७ सांगतं. पळून जाणाऱ्याच्या डोक्यात मागून घातलं किंवा पकडून खांबाला बांधून गावाने तुडवला तर तो बचाव राहत नाही, केस तुमच्यावर होते, त्याचा जीव जातो ते वेगळंच. हाती लागलाच तर बसवून ठेवा आणि पोलिसांच्या ताब्यात द्या, कायद्याने त्याला सहा तासांची मुदत आहे.

तो गेल्यावर आवराआवर करू नका. उचकटलेलं कपाट, उघडे ड्रॉवर, मागच्या खिडकीची काच, कशालाच हात लावायचा नाही, ठसे घ्यायला आणि श्वानपथक यायला वेळ लागतो. पंचनाम्यात काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते ती मागून घ्या. दागिन्यांची बिलं आणि फोटो आधीच मोबाईलमध्ये काढून घरच्याच कुणालातरी पाठवून ठेवले असतील तर यादी देताना फार सोपं जातं. मोबाईल गेला असेल तर सिम बंद करा आणि सीईआयआर पोर्टलवर, म्हणजे चोरीचे मोबाईल बंद करायच्या सरकारी वेबसाइटवर, हँडसेट ब्लॉक करा, कार्ड आणि चेकबुकसाठी बँकेला लगेच कळवा. आणि चाव्यांचा जुडगा गेला असेल तर पंचनामा झाला की त्याच दिवशी सगळी कुलपं बदला, गाडीचंसुद्धा.