आधी बॅटरी सांभाळा: इलेक्ट्रिक गाडी चोरांपासून आणि टवाळांपासून कशी वाचवायची

धनकवडीत माझं इलेक्ट्रिक दुचाकींचं गॅरेज आहे. विक्री नाही, फक्त दुरुस्ती. त्यामुळे रात्री कोणीतरी सीट उचकटल्यावर गाडी सकाळी कशी दिसते, ते मला शोरूमवाल्यांपेक्षा जास्त ठाऊक. गिऱ्हाईक आलं की एकच विचारतं, "लॉक कुठलं लावू?" मी उलट विचारतो, "बॅटरी कुठंय?" कारण माझ्याकडे येतात त्या गाड्या जागेवर असतात आणि बॅटरी गेलेली असते. अख्खी गाडी गेली तर ती माझ्याकडे येणारच नाही म्हणा. पण तरीही सांगतो, चोराची नजर आधी बॅटरीवर असते.

त्यातही सगळ्यात सोपं सावज म्हणजे बिननंबरची स्कूटर. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. घेताना याच गोष्टीचं कौतुक असतं. चोरी झाली की तीच अडचण होते, कारण आरटीओत त्या गाडीचा पत्ताच नसतो. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत अजून लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत. साठ व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टच्या पाच, सगळ्या मिळून तीस किलोच्या पुढे. शिसं भंगारात किलोवर जातं, त्यावर कोणाचं नाव नसतं.

या बॅटऱ्या बहुतेक गाड्यांत पाय ठेवायच्या जागेखाली असतात. रबरी मॅट उचलली की चार किंवा सहा साधे फुलीचे स्क्रू. ज्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे त्याच्यासाठी पाच मिनिटांचं काम. चोर प्लग सोडवत बसत नाही, कटरने लाल-काळी वायर सरळ छाटतो. सकाळी मालक बघतो तेव्हा झाकण तिरकं, आत धुळीत पाच चौकोनी ठसे आणि वायरची तांबडी टोकं बाहेर.

यावर मी काय करतो ते सांगतो. फुलीचे स्क्रू काढून त्याच मापाचे सहा पाकळ्यांचे, मधे टोच असलेले स्क्रू लावतो. त्याचा पाना साध्या टूलकिटमध्ये नसतो. तुमचा पाना घरात ठेवा, डिकीत नको. (डिकीत ठेवणारे भेटलेत, म्हणून सांगतोय.) दुसरं, बॅटऱ्यांच्या वरून दीड इंची लोखंडी पट्टी आडवी टाकून ती चासीला बोल्ट करायची आणि एका टोकाला कुलूप. पट्टी आणि बॅटरीचे टर्मिनल यांच्यामध्ये जाड रबर हवंच हवं, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात शॉर्ट होईल. वेल्डिंग करायचं असेल तर आधी सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढा, कंट्रोलरचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा, प्लगही काढा. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नका.

आता एक गंमत. या गाड्यांना रिमोट येतो. लॉक केल्यावर कोणी चाक हलवलं की मोटर जाम होते आणि गाडी केकाटते. छान सोय आहे. पण सीटखाली एक एमसीबी, म्हणजे बॅटरीची वीज तोडणारा छोटा स्विच, असतो आणि "बॅटरी उतरू नये" म्हणून बरेच जण रात्री तो पाडून ठेवतात. एमसीबी पाडला की अलार्म मेला, मोटरचं लॉकही मेलं, गाडी ढकलत न्यायला मोकळी. रोज चालणारी गाडी असेल तर एमसीबी चालू राहू द्या. अलार्म रात्रभरात जेवढी वीज खातो ती नगण्य असते. पंधरा दिवस गावाला जाताय तर मात्र पाडा, आणि मग साखळी लावा.

लिथियम बॅटरीचा डबा काढता येत असेल तर दुसरा विचारच नको, तो रात्री घरात. फक्त दाराच्या तोंडाशी किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. डबा काढता येत नसेल, म्हणजे चेतक किंवा एथरसारखी गाडी असेल, तर बॅटरी चोरीला जायची भीती बरीच कमी. ती काढायला गाडी खोलावी लागते.

साखळी आणि कुलूप

साखळी पॅकिंगमधली रंगीत घेऊ नका. रविवार पेठेत बोहरी आळीत जा, कडक केलेल्या पोलादाची साखळी मागा, कडी किमान दहा मिलिमीटर. हातात घेतल्यावर वजनानेच कळतं. वर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा, रंग खरवडत नाही. प्लॅस्टिकच्या आवरणातली वायर-केबल नावाचा जो प्रकार मिळतो, तो हेल्मेट अडकवायला ठीक आहे.

साखळी कशातून घालता याला कुलपाइतकंच महत्त्व आहे. पुढच्या चाकातून घातली तर चाक तिथंच राहतं, बाकीची गाडी जाते. ई-सायकलमध्ये हे अगदी सर्रास. क्विक-रिलीजचं चाक नुसत्या हाताने निघतं. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही एकत्र घ्या, कारण बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या हबमध्येच असते. आणि बांधायचं ते न हलणाऱ्या वस्तूला. झाडाभोवतीची जाळी, पाण्याच्या पाइपची क्लॅम्प, ग्रिलचा पातळ गज, हे कटरसमोर टिकत नाहीत. पार्किंगमध्ये स्वतःची जागा ठरलेली असेल तर जमिनीत अँकर फास्टनरने लोखंडी कडी बसवून घ्या. सोसायटीला आधी विचारा, आणि इमारतीच्या कॉलममध्ये मात्र भोक पाडू नका.

कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. जमिनीवर ठेवलेल्या कुलपावर घण घालणं सोपं, अधांतरी कुलपावर अवघड. किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवा. पाऊस जात नाही, आणि फेव्हिक्विक ओतणाऱ्यांचंही काम वाढतं. हो, हा आपल्याकडचा खास उद्योग आहे. कोणी ओतलंच तर किल्ली घुसडून मोडू नका. अ‍ॅसिटोन, म्हणजे अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर चालेल, थेंब थेंब सोडा, थांबा, परत सोडा. जवळच्या प्लॅस्टिकला आणि रंगाला लागू देऊ नका, तेही विरघळतं.

अलार्मवालं डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लागणारं कुलूप, बाजारात, हॉस्पिटलबाहेर, स्टेशनला उत्तम. सोसायटीत मात्र ते मांजर बसलं तरी वाजतं. गणपतीत ढोल सुरू झाले की सगळ्या पार्किंगचे अलार्म एकदम, आणि दोन दिवसांनी खिडकीतून डोकावून बघणारं कोणी उरत नाही. ज्या अलार्मला शेजारी कंटाळलेत तो चोराच्याच उपयोगाचा. संवेदनशीलता कमी करायची सोय असेल तर करा. शिवाय डिस्क लॉक काढायचं विसरून गाडी पळवली की ब्रेकचा कॅलिपर तुटतो. त्याच्यासोबत येणारी भगवी स्प्रिंगची दोरी आठवणीसाठी हँडलला अडकवा, दिसायला कशीही दिसो.

गाडी कुठंय ते कळणं

कंपनीच्या स्कूटरमध्ये स्वतःचं सिम असतं. ढकलल्याचा इशारा, ठरलेल्या हद्दीबाहेर गेल्याचा इशारा, हे अ‍ॅपमध्ये मिळतं, पण बऱ्याचदा त्याचं वर्गणी-पॅकेज असतं आणि पहिल्या मुदतीनंतर लोक ते भरत नाहीत. अ‍ॅप उघडून एकदा तपासा. जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाचं खातं त्यातून काढून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाहीतर तुमची गाडी रोज कुठं उभी असते ते त्याला त्याच्या फोनवर दिसत राहील.

बिनसिमच्या गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवता येतो. थेट बॅटरीवर चालणारा घ्यायचा तर साठ-बहात्तर व्होल्ट सोसणारा घ्या, कारचा बारा व्होल्टचा लावून धूर काढलेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात. आत स्वतःची छोटी बॅटरी असलेलाच घ्या, म्हणजे मुख्य वायर कापल्यावरही तो काही तास बोलत राहतो. हेडलाइटच्या मागे लपवू नका, तिथं सगळे आधी बघतात. आणि त्यातल्या सिमला रिचार्ज लागतो हे फोनमध्ये स्मरणपत्र लावून ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून काहीच जोडू नका, कंपनीला वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. अशा वेळी एअरटॅगसारखा ब्लूटूथ टॅग बरा. पण तो आसपासच्या फोनच्या भरवशावर चालतो. कोंढव्यात सापडेल, पुरंदरच्या एखाद्या शेतात सापडेलच असं नाही. ठिकाण दिसलं तरी मित्र गोळा करून स्वतः जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

पार्किंगमधलं राजकारण

आता तोडफोड. रस्त्यावर रात्री कोयते घेऊन गाड्या फोडत जाणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या पुण्यात सगळ्यांनी वाचल्यात. त्याला उपाय एवढाच की गाडी गेटच्या आत, उजेडात, आणि आतच जागा नसेल तर रांगेच्या टोकाला नको. 2017 च्या अखेरीस औंधला आणि विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या होत्या, त्यांची पुढे किती मोडतोड झाली तेही आठवत असेल. बेवारस दिसणाऱ्या वस्तूला आपल्याकडे हात लागतो. म्हणून पार्किंगमध्येही गाडी धुळीत पडू देऊ नका. काळं, बिननावाचं कव्हर घाला आणि त्याची दोरी चाकाच्या खालून बांधा. चार्जिंग चालू असताना मात्र कव्हर काढा, उष्णता कोंडते.

पण माझ्याकडे येणाऱ्या नुकसानीत अनोळखी टोळकं कमी आणि ओळखीचं माणूस जास्त असतं. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण मोडलेलं, चार्जरची वायर दाराखाली चिरडलेली, सीटवर ब्लेड. मालकाशी दोन मिनिटं बोललं की कळतं, भांडण प्लगवरून आहे. "ह्यांची गाडी आमच्या कॉमन लाइटवर चालते." मग कोणीतरी जाता-येता बटण बंद करतं, तुम्ही चिठ्ठी लावता, आणि महिन्याभरात सीट फाटते.

इथं कुलपापेक्षा सबमीटर, म्हणजे फक्त तुमच्या प्लगची वीज मोजणारा वेगळा मीटर, कामाला येतो. स्वतःच्या मीटरवरून लाइन खाली आणणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर कॉमन लाइनवर सबमीटर, आणि दर महिन्याला रीडिंगचा फोटो व पैसे भरल्याची पावती नोटीस बोर्डावर. कोणी मागितली नसली तरी लावा. बिबवेवाडीच्या एका सोसायटीतल्या काकूंना मी हे करायला लावलं. दोन महिन्यांत बटण बंद करणारे काका स्वतः विचारत आले, "स्कूटर कितीला पडली हो?"

सॉकेट सोळा अँपिअरचं, आणि ते चार्जरसकट पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी ठेवायला सांगा, चार्जर तापतो, त्याला हवा लागते. पेटी जमिनीपासून कमरेच्या उंचीवर. खाली पाणी साचतं आणि पोरांचा बॉलही तिथंच येतो. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकून चार्जिंग करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

कागद आणि त्या सकाळचं काम

आजच, म्हणजे काहीही झालेलं नसताना, चासी नंबर, मोटर नंबर, प्रत्येक बॅटरीवरचा नंबर यांचे फोटो काढा आणि बिलासोबत स्वतःला मेल करून ठेवा. ई-सायकलला फ्रेम नंबर खाली पेडलच्या दांड्याजवळ असतो, सायकल उलटी करावी लागते. बॅटरीच्या किल्लीवरचा नंबरही लिहून ठेवा. बॅटरीच्या खालच्या बाजूला खिळ्याने कोरून आपली खूण करा, पण नुसती वर-वर, आत टोचायचं नाही.

विम्याचं नीट वाचा. नोंदणी झालेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी "विमा आहे की" म्हणणाऱ्याला चोरीचा रुपयाही मिळत नाही. दुचाकीच्या पॉलिसीत आणखी एक ओळ असते: गाडी सोबत चोरीला गेली नसेल तर नुसत्या अ‍ॅक्सेसरीजची चोरी भरून मिळत नाही. बॅटरी अ‍ॅक्सेसरी की गाडीचा भाग, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्या. अख्खी गाडी गेली तर दोन्ही किल्ल्या मागतात, तेव्हा दुसरी किल्ली कुठंय तेही बघून ठेवा.

चोरी झालीच तर छाटलेल्या वायरची टोकं हातात घेऊ नका. गाडीत एखादी बॅटरी राहिली असेल तर ठिणगी पडते. आधी फोटो, मग प्रत्येक टोकाला वेगळी चिकटपट्टी. 112 ला फोन, आणि पोलीस चौकीत बिल घेऊन जा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालची पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली जाते, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, म्हणून अख्ख्या सेटची किंमत बिलावर दिसणं गरजेचं. तोडफोड असेल तर कलम 324. हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, मागा, तो हक्क आहे.

त्याच दिवशी करायचं आणखी एक काम म्हणजे समोरच्या दुकानाचं आणि शेजारच्या बिल्डिंगचं सीसीटीव्ही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, जुनं फुटेज आपोआप पुसत जातो, कुठं आठवड्यात, कुठं पंधरवड्यात. पेन ड्राइव्ह घेऊनच जा. स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या मोबाइलवरची वेळ यांतला फरक लिहून घ्या, बहुतेक डीव्हीआरची घड्याळं चुकलेली असतात आणि पुढे त्यावरूनच घोळ होतो.

नवा सेट घेताना निम्म्या किमतीत "थोडीच वापरलेली" बॅटरी कोणी देऊ केली तर नंबर बघा. खरवडलेला असेल तर परत करा. मी अशी बॅटरी बसवून देत नाही, बाहेरून आणली तरी नाही.