फासकीत हरिण अडकू नये म्हणून

येवला तालुक्यातील ममदापूर, राजापूर परिसरात काळविटांचे कळप शेतातून हिंडतात, आणि रानडुकरासाठी किंवा सशासाठी लावलेली फासकी, म्हणजे खुंटीला बांधलेला तारेचा फास, कोणाचा पाय पकडायचा हे ओळखत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार फासकी लावणे हीच शिकार ठरते; म्हणून ती ‘जपून’ लावण्याचा विचारही करू नये.

आठवड्यातून एकदा, सकाळच्या तिरप्या उन्हात, बांधाने सावकाश चालावे. कुंपणाची फट, ओढ्याचा उतार आणि जेथे गवत दबून पायवाट झाली आहे अशा जागा वाकून पाहाव्यात, कारण दुचाकीच्या ब्रेकची गंजलेली तार वाळल्या कुसळांत सहज मिसळते आणि खुंटीपाशी उकरलेली माती तेवढी ताजी दिसते. फासकी सापडल्यास छायाचित्र काढून वनरक्षकाला कळवावे.

प्राणी जिवंत अडकलेला असेल तर गर्दी, आरडाओरडा टाळावा, कुत्री दूर ठेवावीत आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करावा. स्वतः ओढाताण करू नये. जखम किरकोळ असली तरी भीतीने आणि धडपडीने स्नायू निकामी होऊन हरिण सुटकेनंतरही दगावू शकते.