बोटॉक्स की फिलर? सुरकुत्यांवर इंजेक्शन घेताना या चुका टाळा

सुरकुती कुठे आहे, यापेक्षा ती कधी दिसते यावर इंजेक्शन ठरतं. आरशासमोर चेहरा सैल सोडा. मग भुवया उंचवा, कपाळाला आठ्या घाला, मोकळेपणाने हसा. फक्त हालचालीत उमटणाऱ्या रेषा स्नायूमुळे येतात. त्यांना बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध. बोटॉक्स हा त्याचाच एक ब्रँड. चेहरा शांत असतानाही दिसणारी, गाल ओसरल्याने नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे गेलेली घडी फिलरची, म्हणजे खोलगट जागा भरून काढणाऱ्या इंजेक्शनची. तिथे टॉक्सिन दिलं तर हसू वाकडं होऊ शकतं.

सर्वांत जास्त फसगत कपाळावर होते. 'फक्त कपाळाच्या रेषा घालवा' असा आग्रह धरू नका. या रेषा पाडणारा स्नायूच भुवया वर उचलतो. तो एकटा सैलावला की खाली ओढणारे स्नायू वरचढ ठरतात, भुवया उतरतात, डोळे जड वाटतात. पापण्या आधीच जड असतील तर जास्तच. म्हणून भुवयांमधला भागही सोबत घेतात. बोटॉक्सचा तिथला ठरलेला डोस 20 युनिट, पाच जागी चार-चार. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडच्या टॉक्सिनचा त्याच जागेचा डोस 50 युनिट. युनिटच्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरवू नका, औषधाचं नाव विचारा.

चौथ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून आणखी टोचून घेणं हीदेखील चूकच. पूर्ण परिणाम दिसायला सुमारे 14 दिवस लागतात. कमी-जास्त त्यानंतर पाहावं. पुढचा डोस तीन महिन्यांच्या आत नको. पापणी उतरली तर डॉक्टरांना दाखवा. ती सहसा काही आठवड्यांत आपोआप सावरते.

फिलरची चूक मात्र महागात पडते. भुवयांमधल्या आणि नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर त्यांत शिरला तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. पहिल्यांदा घेताना हायलुरॉनिक अ‍ॅसिडचाच घ्या, कारण तो हायलुरॉनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने विरघळवता येतो. कॅल्शियमचा फिलर त्याने विरघळत नाही. हायलुरॉनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारा. त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग आले किंवा दुखणं वाढत गेलं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. नजर धूसर झाली तर थेट रुग्णालयात.

गर्भारपण, स्तनपान, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर तीही सांगा, पण मनाने बंद करू नका. टॉक्सिन घेतल्यावर त्या दिवशी जागा चोळू नका, फेशियलही नको. औषध शेजारच्या स्नायूत सरकू शकतं.