मैत्री भावना: तिसऱ्या माणसापाशी घोडं अडतं

मैत्री भावना म्हणजे स्वतःचं आणि इतरांचं भलं चिंतण्याचं बौद्ध ध्यान. त्याबद्दल जो तो एकच सल्ला देतो: डोळे मिटा आणि सगळ्यांचं भलं चिंता. सगळ्यांचं म्हणजे कोणाचं? ‘सगळे’ मनात आणायला गेलं की कोणीच येत नाही आणि पाच मिनिटांत डुलकी लागते. हा अभ्यास एकेक माणूस समोर घेऊन करायचा असतो. इसवी सनाच्या 5व्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या बौद्ध भिक्षूंनी विसुद्धिमग्ग या पाली भाषेतल्या ग्रंथात त्याचा क्रम लावून दिला आहे. आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना आपलं ना परकं असं कोणी, आणि शेवटी ज्याच्याशी बिनसलंय तो. हा क्रम मोडू नका.

बसायचं पहाटे. मे महिन्यात सोलापुरात आठनंतर गच्चीवर बसून फक्त घाम निघतो. पाणी यायचा दिवस असेल तर आधी भरून घ्या. नळाकडे कान लावून ध्यान होत नाही.

स्वतःसाठी चार गोष्टी मागा: मनात वैर नसो, मनाला त्रास नसो, शरीराला त्रास नसो, सुखानं राहता येवो. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेत म्हणा, पाठ केलेल्या पाली ओळींची गरज नाही.

दुसरं माणूस शाळेतले सर, जुने शेजारी असं कोणीतरी घ्या. मुलं किंवा नवरा-बायको इथे नकोत, कारण त्यांच्या पाठोपाठ फी, ताप, लग्न सगळं येतं. गेलेलं माणूसही नको. बुद्धघोषांनीच तशी मनाई केली आहे आणि ती रास्त आहे. तिथे मैत्रीऐवजी शोक सुरू होतो.

आता तिसरं माणूस. लोक याला सोपं समजून उरकतात आणि वैऱ्याकडे धावतात, कारण वैऱ्यात मसाला असतो. मी स्वतः इथेच बरेच महिने रखडलो होतो. ज्याच्याबद्दल राग नाही, लोभ नाही, त्याच्यावर मन ठरतच नाही. शब्द ओठांवर चालू राहतात आणि डोक्यात दुकानाचा हिशोब सुरू होतो. पुस्तकी सल्ला असा की ‘कोणीही अनोळखी माणूस घ्या’. हा सल्ला कुचकामी आहे. अनोळखी नको, रोज दिसणारं पण नाव माहीत नसलेलं माणूस घ्या, आणि निदान महिनाभर तेच ठेवा. रोज नवा चेहरा घेणाऱ्याचं काहीच होत नाही.

आमच्या गल्लीत दारात बसून बिड्या वळणारी एक बाई आहे. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपानं आणि तंबाखू. पान बोटांवर घेते, चिमूट टाकते, गुंडाळते, टोक दुमडते, दोऱ्याचा वेढा देते. नजर मात्र रस्त्यावर. डोळे मिटल्यावर मी तिचा चेहरा आठवत नाही, ती बोटं आठवतो. मग ‘शरीराला त्रास नसो’ हे वाक्य कोरडं राहत नाही, कारण दिवसभर वाकून बसलेली पाठही दिसायला लागते. असं एक काम, एक हालचाल पकडा. पण ‘बिचारी’ हा शब्द मनात आला की थांबा. कीव करायला लागलात की तुम्ही वर आणि ती खाली, मग मैत्री उरत नाही.

हे जमलं की चौथं माणूस अवघड नाही, फक्त लहान भांडणापासून सुरुवात करा. माझा चौथा म्हणजे नळाला थेट मोटर लावून आमचं पाणी ओढणारा शेजारी. त्याचं भलं चिंततो आणि मोटरची तक्रारही करतो; दोन्हींत काही विरोध नाही. माफ केलंच पाहिजे असा धोशा लावणाऱ्यांचं ऐकू नका. राग उसळला तर सरळ क्रमातल्या दुसऱ्या, म्हणजे आदराच्या माणसाकडे परत जा. आणि ज्यानं खरोखर मोठी इजा केली आहे, त्याला एकट्यानं ध्यानात आणू नका. आधी समुपदेशकाशी बोला.

कितपत जमलं हे तपासायला विसुद्धिमग्गातच एक परीक्षा आहे. तुम्ही चौघं एकत्र बसलेले आहात, दरोडेखोर येतात आणि बळी द्यायला एक माणूस मागतात. ‘याला न्या’ म्हणालात तर नापास. ‘मला न्या’ म्हणालात तरीही नापास! चौघांतलं कोणीच द्यावंसं वाटलं नाही, तर भेद मिटला. मला अजून मोटरवाला द्यावासा वाटतो.

रोज वीस मिनिटं पुरेत, त्यातली निम्मी तिसऱ्या माणसाला. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका.