डोअर पॅड घरी काढताय? पावसात महागात पडणाऱ्या या चुका टाळा

काच अर्ध्यात अडकली, स्पीकर बदलायचा आहे, आतलं हँडल ओढूनही दार उघडत नाही, किंवा दार लावताना आत काहीतरी खुळखुळतं. यातल्या कुठल्याही कामाची सुरुवात डोअर पॅड, म्हणजे गाडीच्या दाराचं आतल्या बाजूचं आवरण, काढण्यापासून होते. स्टार स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, प्लास्टिकची ट्रिम पट्टी आणि निवांत तास-दोन तास मिळाले की हे काम घरच्या अंगणात होण्यासारखं आहे. एखादी क्लिप तुटली तरी ती लगेच दिसते आणि बदलता येते. खरं नुकसान होतं ते पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाटल्यानं. फाटलेला कागद मे महिन्यात कुणाला जाणवत नाही. जून उजाडला आणि गाडी बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेच्या जांबोटी-चोर्ल्याच्या पावसातून आली की पायाखालचं कार्पेट ओलं लागतं, आणि लोक छताचं आणि काचेचं रबर तपासत बसतात.

म्हणून दार आतून कसं असतं ते आधी समजून घ्या. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबराची पट्टी असते ती सगळं पाणी अडवत नाही, आणि तिनं अडवावं अशी अपेक्षाही नसते. काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पत्र्यांमधल्या पोकळीत उतरतंच. ते तळाशी जातं आणि दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. पोकळी आणि पॅड यांच्यामध्ये चिकटवलेला कागद हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. पॅड काढण्यात होणाऱ्या बहुतेक चुका शेवटी या कागदापाशी किंवा त्या भोकांपाशी येऊन ठेपतात.

ओढायला घाई

सगळे स्क्रू निघण्याआधी पॅड ओढणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. स्क्रू मुद्दाम लपवलेले असतात. दार उघडायच्या हँडलमागे लहान टोपी असते, तिच्याखाली एक. दार ओढून घ्यायच्या खोबणीच्या तळाशी, कधी रबराच्या तुकड्याखाली, एक किंवा दोन. आरशाच्या आतल्या बाजूच्या तिकोनी प्लास्टिकमागे एखादा. खालच्या कडेला आणि दाराच्या जाडीच्या बाजूला आणखी. काही गाड्यांत लाल रिफ्लेक्टर किंवा दाराच्या दिव्यामागेही एक असतो. क्लिपा सुटल्या आणि पॅडचा एकच भाग घट्ट धरून राहिला, तर तिथे स्क्रू आहे असंच समजा. जोर लावू नका, टॉर्च मारून शोधा. युरोपियन बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत टॉर्क्स डोक्याचे, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, स्क्रू असतात. त्यांना साधा स्टार लावला की डोकं गोल होतं आणि पुढे ड्रिलशिवाय गत्यंतर राहत नाही.

स्क्रू सगळे सारखे दिसतात, पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर त्याचं टोक वायरिंगला किंवा काचेच्या यंत्रणेला लागू शकतं. पुठ्ठ्यावर दाराची आकृती काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो टोचून ठेवा.

हाताने फिरवायच्या काचेच्या गाड्यांत, म्हणजे जुन्या मारुती ८००, अल्टोसारख्यांत, काचेचं हँडल स्क्रूनं नसून मागे दडलेल्या तारेच्या क्लिपनं धरलेलं असतं. हँडल उपटायला गेलात की त्याच्या आतले दात झिजतात. जुनं सुती फडकं हँडल आणि पॅड यांच्या फटीत घाला, दोन्ही टोकं ताणून धरा आणि बुटाला पॉलिश करतात तसं मागेपुढे ओढा. क्लिप उडते, म्हणून दुसऱ्या कुणाला हात आडवा धरायला सांगा. त्याआधी काच पूर्ण वर नेऊन हँडल कुठल्या दिशेला थांबतं ते पाहून ठेवा, नाहीतर बसवल्यावर ते गुडघ्याला लागत राहतं.

बॅटरी चालू ठेवून काम

पॉवर विंडो असेल तर आधी काच पूर्ण वर न्या, किल्ली खिशात ठेवा आणि मग बॅटरीची ऋण तार १० नंबरच्या पान्यानं सोडवा. त्यानंतर ५ मिनिटं थांबा. बाजूच्या एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. त्याचा कप्लर (वायर जोडायचा प्लग) काढून इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो, आणि तो घालवायला बहुधा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जावं लागतं. या सेन्सरला पोकळी बंदिस्त असावी लागते. त्यामुळे अशा गाडीत कागद फाटका ठेवणं फक्त ओल्या कार्पेटपुरतं राहत नाही, अपघाताच्या वेळी जीवाशी गाठ पडू शकते. पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना हात लावू नका.

क्लिपा तुटतात कशा

बहुतेक छोट्या गाड्यांच्या एका दाराला साधारण ७ ते १० क्लिपा असतात. क्लिपचं डोकं पॅडच्या खाचेत बसतं आणि पाय पत्र्याच्या भोकात. दोन क्लिपांच्या मधोमध पॅड धरून ओढलं की पॅड वाकतं, सगळा ताण त्या खाचेवर येतो आणि खाचच फाटते. क्लिप बाजारात मिळते, खाच मिळत नाही. सुरुवात खालच्या कोपऱ्यातून करा, कारण तिथला ओरखडा नजरेत येत नाही. बोटांनी थोडी फट करून आत टॉर्च मारा, क्लिप कुठे आहे ते पाहा, पट्टी तिच्या अगदी लगत सरकवा आणि सरळ बाहेर ढकला. कडेकडेनं पुढे जा. वरचा भाग शेवटी. तिथे क्लिपा नसतात, पॅड काचेच्या खोबणीवर अडकवलेलं असतं. ते बाहेर ओढायचं नाही, सरळ वर उचलायचं.

चपटा स्क्रूड्रायव्हर या कामाला वापरू नये. त्याचं टोक पत्र्याचा रंग उडवतं, आणि उघडा पडलेला पत्रा खानापूर पट्ट्यातल्या चार महिन्यांच्या दमट हवेत हमखास गंजतो. रंग उडालाच तर पॅड बसवण्याआधी प्रायमर आणि टच-अप लावून वाळू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बेळगावात प्लास्टिक कडक झालेलं असतं. तेव्हा दुपारी काम करा, किंवा हेअर ड्रायरनं कडा कोमट करून घ्या.

काही क्लिपा पत्र्यातच राहतात. त्या तशाच ठेवून पॅड दाबू नका. पकडीनं काढून पॅडच्या खाचेत परत बसवा. नव्या घ्यायच्या तर जुनी क्लिप नमुन्याला घेऊन दुकानात जा, आणि तिच्या मानेभोवती रबराचं किंवा फोमचं कडं असेल तर तशीच मागा. ते कडं भोकातून येणारं पाणी अडवतं. कडं नसलेली स्वस्त क्लिप पॅड धरून ठेवेल, पण पाणी सोडेल. खाच फाटली असेल तर मागून प्लास्टिकचा पातळ तुकडा लावून एपॉक्सीनं जोडा आणि २४ तास हात लावू नका. फेविक्विक कडक होतं, दाराच्या धक्क्यांनी तडकतं.

पॅड सुटलं, आता वायरी

पॅड हातात आलं की लोक ते बाजूला ठेवायला निघतात आणि वायर ताणली जाते. पॅडचा भार वायरीवर किंवा हँडलच्या केबलवर एक क्षणही येऊ देऊ नका. खाली स्टूल किंवा खोकं ठेवा, त्यावर पॅड टेकवा. कप्लरला दाबायची जीभ असते. ती दाबून कप्लरच्या अंगाला धरून ओढा, वायरीला धरून कधीच नाही. हँडलच्या केबलचं बाहेरचं आवरण आधी खाचेतून सोडवून मग तिचं टोक फिरवून काढतात. लॉकची दांडी असेल तर प्लास्टिकचा कान फिरवला की ती सुटते. सोडवत जाताना फोटो काढत जा, विशेषतः वायर कुठल्या खुंटीत अडकवली आहे त्याचे. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

कागद काढताना आणि परत लावताना

काचेची मोटर किंवा लॉक यांच्यापर्यंत पोहोचायचं तर हा कागद सोडवावाच लागतो. तो काळ्या, चिकट ब्यूटाइलच्या दोरीनं चिकटलेला असतो. झटक्यात ओढला की कागद फाटतो. हेअर ड्रायरनं कोमट करा, हळूहळू सोडवा आणि चिकट दोरी शक्यतो एकाच बाजूला राहू द्या. गरजेपुरताच भाग उघडा, उरलेला चिकटलेलाच असू द्या. सोडवलेला भाग वर दुमडून टेपनं धरा. ब्यूटाइलला एकदा धूळ लागली की ते पुन्हा चिकटत नाही. आपल्याकडे अंगणातली धूळ, मग ती खानापूरची तांबडी असो वा चिकोडी-अथणीची काळी, मिनिटाभरात त्यावर बसते. वारा सुटला असेल त्या दिवशी हे काम उघड्यावर काढूच नका.

मळलेलं ब्यूटाइल खरवडून काढा आणि नवी ब्यूटाइल टेप लावा. सिलिकॉन लावण्याचा मोह टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि पत्र्याला गंज धरतो. शिवाय पुढच्या वेळी कागद फाडल्याशिवाय निघत नाही. साधी पॅकिंग टेप पहिल्या पावसातच सुटते.

कागद अगदीच गेला असेल तर जाड प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा जुन्याच्या मापानं कापा, भोकं तीच ठेवा. मात्र खालची कड नीट पाहा. ती पत्र्याच्या खाचेतून दाराच्या पोकळीत घातलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडतं. नवशिके ही कड बाहेर ठेवून वरून टेप मारतात. मग कागद अखंड असूनही पाणी उंबऱ्यावरून कार्पेटमध्ये जातं. गळतीची निम्मी कोडी या एका कडेपाशी सुटतात असं म्हणायला हरकत नाही.

दार उघडंच आहे तर तळाची पाणी जायची भोकंही पाहा. २ किंवा ३ असतात. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या गाड्यांत पालापाचोळा आणि तांबडी माती, पूर्वेकडच्या गाड्यांत सुकून घट्ट झालेली काळी माती तिथे बसते. मऊ तार किंवा केबल-टाय घालून मोकळी करा. टोकदार सळई नको, आतला गंजरोधक थर निघतो.

पॅड लावण्याआधी काच बंद ठेवून तिच्यावर बाहेरून दोन-तीन तांबे पाणी हळूहळू ओता. ते काही क्षणांत खालच्या भोकांतून गळायला हवं, आणि कागदाच्या आतल्या अंगाला हात फिरवला तर कोरडा लागायला हवा. ही परीक्षा वळवाच्या पावसाआधी, एप्रिलमध्येच करून घेतलेली बरी.

दार लगेच लावू नका

केबल सुटी असताना किंवा नीट न बसलेली असताना दार लावलं, तर ते उघडणं फार त्रासाचं होतं, कारण स्क्रूच बंद दाराच्या कडेला असतात. दार उघडं ठेवूनच स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं कुलपाचा आकडा दाबून बंद करा, मग आतल्या हँडलनं आणि नंतर बाहेरच्या हँडलनं तो सुटतो का पाहा. लॉकची दांडी वर-खाली होते का पाहा. बॅटरी जोडण्याआधी सगळे कप्लर बसलेत याची खात्री करा, मगच काच चालवा. हे सगळं झाल्यावर पॅड आधी वर अडकवा, लॉकची दांडी तिच्या भोकातून आली का पाहा, प्रत्येक क्लिप भोकासमोर आणून तळहातानं ठोका. स्क्रू हातानं सुरू करा, बसले की थांबा.

बसवल्यावर तक्रार उरली तर

मागच्या दाराचं आतलं हँडल काम करत नसेल तर पॅड पुन्हा उघडण्याआधी चाइल्ड लॉक पाहा. काम करताना दाराच्या कडेचा तो खटका नकळत हलतो.

काच एका स्पर्शानं पूर्ण वर जात नसेल तर बॅटरी काढल्यामुळे तिची नोंद पुसली गेली आहे. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद तसाच धरला की ती परत येते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

खडखड येत असेल तर दार हळू लावताना पॅडवर ठिकठिकाणी हात दाबून पाहा. दाबल्यावर आवाज थांबला तर तिथली क्लिप बसलेली नाही. दाबूनही आवाज येत राहिला तर आत सुटी वायर पत्र्यावर आपटते आहे किंवा लॉकच्या दांडीचा प्लास्टिकचा कान उघडा राहिला आहे. आत पडलेला स्क्रू असेल तर दोरीला बांधलेलं चुंबक तळापर्यंत सोडा. काचेच्या रबरालगत पॅडमध्ये फट दिसत असेल तर पॅड वरच्या खोबणीत बसलेलंच नाही, क्लिपा काढून पुन्हा वरून सुरुवात करा.

आणि कार्पेट ओलं लागलं तर ते दाबून पाहा, पाणी कुठल्या दारापाशी सगळ्यात जास्त येतं ते शोधा, आणि त्याच दाराची भोकं आणि कागदाची खालची कड आधी तपासा. कार्पेटखालचा फोम पूर्ण वाळेपर्यंत कार्पेट परत बसवू नका. वरून कोरडं वाटलं तरी खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि फरशीच्या पत्र्याला गंज तिथूनच सुरू होतो.