वॉरंटी संपलेला लॅपटॉप कंपनीकडे दुरुस्तीला देताय? या चुका टाळा

माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, कंपनीने बदलून दिला, घरी आणून चालू केला तर समोर निळी स्क्रीन आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की टाका असं लिहिलेलं. ही की काय असते हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, तीच होती, फाइल्स सगळ्या आतच होत्या, पण विंडोजचं बिटलॉकर डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून ठेवतं, त्याची चावी बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते आणि तो जुना बोर्ड तर कंपनीने ठेवून घेतला होता. शेवटी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये गेलो, तिथे डिव्हाइसच्या नावाखाली की सापडली, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली ८ अक्षरं जुळवून बघितली आणि मग एकेक आकडा टाइप केला. ती अकाउंटमध्ये सेव्ह झालेली नसती तर सगळा डेटा गेला होता.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅकअप न घेता आणि ही की लिहून न ठेवता लॅपटॉप देणं. आपण बिटलॉकर कधी चालूच केलं नाही असं वाटतं, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, त्यामुळे एकदा तपासाच. डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही, फॉर्मवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं आणि आपण न वाचता सही करतो. लॅपटॉप चालूच होत नसेल आणि एसएसडी काढता येण्यासारखी असेल तर ती काढून घेऊन उरलेला लॅपटॉप देता येईल का हे आधीच विचारा, पण काही पातळ मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे बोर्ड बदलला की डेटाही गेला.

दुसरी चूक, वॉरंटी संपली म्हणजे पैसे भरावेच लागणार असं धरून चालणं. सिरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वॉरंटीची तारीख, कारण कधी कधी ती आपल्या खरेदीच्या नाही तर कंपनीतून माल निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते, मग बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते. दुसरं म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी रिकॉल किंवा मोफत दुरुस्तीची योजना आहे का. ॲपलने २०१९ मध्ये २०१५ च्या मॉडेलच्या काही १५ इंची मॅकबुक प्रोच्या बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या फुकट बदलून दिल्या, वॉरंटी असो नसो. उलट मॉडेल फार जुनं असेल तर पार्टच मिळत नाहीत, ॲपल तर विक्री थांबवून ७ वर्षं झाली की ते मॉडेल ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य, धरते आणि हार्डवेअरची दुरुस्ती जवळपास बंदच करते. हे लॅपटॉप नेऊन देण्याआधी कळलेलं बरं.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये वर दिसला म्हणून लावू नका, खोटे नंबर भरपूर आहेत. ॲप डाउनलोड करा, ओटीपी सांगा, आधी पैसे पाठवा असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. नंबर कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा.

आता एस्टिमेट, इथे थोडं थांबून विचार करा. सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा चिप लेव्हलचं काम, म्हणजे बोर्डावरचा बिघडलेला सुटा पार्ट शोधून तेवढाच बदलणं, होत नाही, बोर्डावरचा एक छोटासा पार्ट शॉर्ट झाला असला तरी अख्खा बोर्ड बदलायचं एस्टिमेट देतात आणि ते ऐकून माणूस घाबरून एकतर लगेच हो म्हणतो नाहीतर लॅपटॉप भंगारात काढतो. तसं करू नका. आधी विचारा की तपासणीचा चार्ज किती, एस्टिमेट नाकारलं तर तो परत मिळतो का, लॅपटॉप न दुरुस्त करता परत द्यायचे पैसे लागतात का, आणि उघडल्यावर आणखी काही निघालं तर मला विचारूनच पुढे जाणार ना. सगळं लेखी घ्या. फक्त बोर्डाचाच प्रश्न असेल तर चिप लेव्हल करणाऱ्या चांगल्या माणसाचं मत घ्या, पण आधी कंपनीकडून एस्टिमेट घ्या आणि मग त्याच्याकडे जा, कारण बाहेर उघडलेला लॅपटॉप कंपनी नाकारू शकते. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी यासाठी मात्र मी कंपनीच निवडेन, पार्ट ओरिजिनल मिळतो.

काही वेळा बिघाड एवढा मोठा नसतोच. चालू होत नसेल तर चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग चार्जर लावून बघा. स्क्रीन काळी असेल तर बाहेरचा मॉनिटर लावा, किंवा अंधारात टॉर्च स्क्रीनवर तिरकी मारा, पुसटसं चित्र दिसलं तर चित्र येतंय, पण बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, लागत नाहीये. एवढं सांगता आलं तरी तपासणी सरळ होते. पाणी किंवा चहा सांडला असेल तर खरं सांगा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये आत ओल दाखवणारे स्टिकर असतात, दुरुस्त करणाऱ्यांना कळतंच आणि लपवल्यामुळे चुकीचा पार्ट बदलला जातो.

बॅटरीचं वेगळं सांगतो. आधी टचपॅडचं क्लिक घट्ट होतं, मग लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, डुगडुगतो. ही फुगलेली बॅटरी. चार्जिंग लगेच बंद करा, दाबू नका, टोचू नका, आणि असा लॅपटॉप कुरियरने अजिबात पाठवू नका, कंपनीला फोनवर स्पष्ट सांगा, काय करायचं ते तेच सांगतील.

देताना चारी बाजूंनी फोटो काढा, मेमरी कार्ड आणि डोंगल काढून घ्या, मेन पासवर्ड देण्याऐवजी वेगळं अकाउंट करून द्या, मॅक असेल तर फाइंड माय (हरवलेला मॅक शोधायची सोय) बंद करा. जुना पार्ट परत हवा असेल तर आधीच बोला, नंतर मिळत नाही.

परत घेताना तिथेच चालू करा. वायफाय, कॅमेरा, सगळे पोर्ट, कीबोर्डची प्रत्येक की बघा. बोर्ड बदलला असेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतोय का बघा, तो भरायचा राहिला तर पुढच्या वेळी कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमचा लॅपटॉप ओळखूच येत नाही. बदललेल्या पार्टला वेगळी वॉरंटी असते, बऱ्याच ठिकाणी ९० दिवस, ती बिलावर लिहून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप भरपूर वापरा, तासन्‌तास चालू ठेवा, म्हणजे काही राहिलं असेल तर मुदतीच्या आत समोर येईल.